शब्दचर्चा : अत्यवस्थ रुग्णांवरील संशोधनाला ‘चाचणी’ म्हणावे का?

प्रश्न

मी वैद्यकीय मजकुराचे मराठी भाषांतर करते. अतिदक्षता विभागातील रुग्णांवर होणाऱ्या एका संशोधनाचे माहितीपत्रक आणि संमतीपत्र सध्या माझ्या हाती आहे. हा मजकूर रुग्ण वाचणार नाही, कारण तो बहुधा बेशुद्ध किंवा व्हेंटिलेटरवर असेल. तो वाचतील विभागाच्या दाराबाहेर बसलेले त्याचे नातेवाईक, आणि तेही चित्त थाऱ्यावर नसताना. ‘क्लिनिकल ट्रायल’ला ‘वैद्यकीय चाचणी’, ‘नैदानिक चाचणी’ आणि ‘चिकित्सालयीन परीक्षण’ असे तीन प्रतिशब्द मला जुन्या भाषांतरांत आढळले. ‘रँडमायझेशन’साठी, म्हणजे कोणता रुग्ण कोणत्या उपचाराच्या गटात जाईल हे कोणी न निवडता ठरवण्यासाठी, ‘यादृच्छिकीकरण’ आहे, आणि रुग्णाच्या स्थितीसाठी ‘गंभीर’, ‘चिंताजनक’, ‘अत्यवस्थ’ हे शब्द एकाच पानावर आलटून पालटून आले आहेत. यांतले कोणते ठेवावेत आणि कोणते बदलावेत?

पहिला प्रतिसाद

एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे रुग्णांवरील संशोधन नीतीला धरून आहे का हे तपासणाऱ्या समितीवर, मी काही वर्षे नागरिक-सदस्य म्हणून काम करतो आहे. २०१९ साली लागू झालेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे अशा समितीत वैद्यकक्षेत्राबाहेरची एक सामान्य व्यक्ती असावी लागते, आणि संमतीपत्राचे मराठी घरच्या माणसाला कळेल का, हे पाहणे हे तिचे मोठे काम असते. त्या अनुभवावरून सांगतो : तुमच्या यादीतला सर्वांत सोपा दिसणारा शब्दच सर्वांत जास्त दिशाभूल करणारा आहे, आणि तो म्हणजे ‘चाचणी’.

मराठी माणसाच्या कानाला चाचणी म्हणजे रक्ताची चाचणी, थुंकीची चाचणी, शाळेतली घटक चाचणी. कोविडच्या काळात तर ‘चाचणी करून घेतली का?’ हा रोजचा प्रश्न झाला होता. या सगळ्या उपयोगांत जे तपासले जाते ते माणसाच्या ठायी आधीपासून असते, आणि चाचणीने ते फक्त समजते. संशोधनात मात्र रुग्णाला काहीतरी दिले जाते किंवा त्याच्या उपचारात बदल केला जातो, आणि त्याचा गुण येतो की अपाय होतो हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नसते. व्हेंटिलेटरवर असलेल्या वडिलांसाठी सही करून आलेल्या एका मुलाला मी विचारले होते की, सही कशासाठी केली. ‘पप्पांची कसली तरी चाचणी करायची आहे म्हणाले, म्हणून केली,’ असे त्याने उत्तर दिले. त्याला कोणी खोटे सांगितले नव्हते. छापील कागदावर ‘वैद्यकीय चाचणी’ असेच होते, आणि त्याने तो शब्द त्याला माहीत असलेल्या अर्थाने घेतला होता. मजकूर बरोबर, सही खरी, आणि तरीही संमती मिळालेलीच नव्हती. तेव्हापासून शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात ‘संशोधन’ हा शब्द असल्याशिवाय मी मसुदा पुढे जाऊ देत नाही.

‘नैदानिक’ तर मुळीच घेऊ नये. हिंदीत तो या अर्थाने रुळला असेल, पण मराठीत ‘निदान’ म्हणजे रोग ओळखणे, त्यामुळे ‘नैदानिक चाचणी’ वाचून रोग ओळखण्यासाठीची तपासणी हाच बोध होतो आणि गैरसमज दुप्पट होतो. ‘प्रयोग’ हा शब्द अर्थाच्या दृष्टीने खरा आहे, परंतु ‘आमच्या माणसावर प्रयोग करताहेत’ या वाक्यात जी भीती आणि जो आरोप आहे तो त्या शब्दाला कायमचा चिकटला आहे, म्हणून मी तो सुचवत नाही. ‘संशोधन’ लिहावे आणि लगेच पुढे लिहावे : ‘हा उपचार उपयोगी आहे की नाही, हे अजून ठरलेले नाही. ते ठरवण्यासाठी हे संशोधन आहे.’

आता ‘यादृच्छिक’. शब्द जुना आणि सुंदर आहे. ‘यदृच्छा’ म्हणजे आपण न योजता आपोआप घडून येणे. गीतेच्या चौथ्या अध्यायातले ‘यदृच्छालाभसंतुष्टो’ अनेकांच्या कानांवरून गेलेले असते. पण ‘यादृच्छिकीकरणाद्वारे गटनिश्चिती करण्यात येईल’ हे वाक्य दाराबाहेर बसलेल्या माणसापर्यंत पोहोचत नाही. त्याच्यासाठी मराठीत आयता शब्दप्रयोग आहे : चिठ्ठ्या टाकणे. तो मला केवळ सोपा म्हणून आवडतो असे नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन उमेदवारांना सारखीच मते पडली की चिठ्ठी टाकतात आणि एखाद्या लहान मुलाला ती उचलायला लावतात, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. मते कमीजास्त असतील तर चिठ्ठी टाकायला कोणी राजी होणार नाही. दोन्ही पारडी समान असतील तरच चिठ्ठी न्याय्य ठरते, हा अर्थ त्या प्रथेतच आहे, आणि संशोधनाच्या नीतिशास्त्रात ज्याला ‘इक्विपॉइज’ म्हणतात ते नेमके हेच आहे : दोन उपचारांपैकी कोणता सरस, याविषयी जाणकारांमध्ये खरोखर अनिश्चितता असेल तरच रुग्णाला चिठ्ठीने एका गटात घालता येते. यासाठी कोणी ‘समतोल संशय’ असा शब्द केला तर माझी हरकत नाही, पण माहितीपत्रकात चिठ्ठीचेच उदाहरण द्यावे.

ही अनिश्चितता नुसती म्हणण्यापुरती नसते. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांना स्टेरॉइड द्यावे, असे डॉक्टरांपैकी अनेकजण कित्येक वर्षे मानत होते. ‘क्रॅश’ नावाच्या आंतरराष्ट्रीय संशोधनात १०,००८ रुग्ण घेतले गेले आणि २००४ साली निष्कर्ष आले, तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के रुग्ण दगावल्याचे दिसले. ज्याला अनेकजण आधार समजत होते तोच उपचार जीव घेत होता, आणि चिठ्ठी टाकल्याशिवाय हे कळण्याचा मार्ग नव्हता.

याच कारणाने तुमच्या मसुद्यात कोठे ‘प्रमाणित उपचार’ असेल तर तेथे ‘प्रचलित उपचार’ करावे. ‘प्रमाणित’ म्हटले की कोणीतरी तपासून शिक्का मारला आहे असे वाटते. फुप्फुसे तीव्र निकामी झालेल्या रुग्णांना व्हेंटिलेटरवर दर श्वासाला उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे १२ मिलिलिटर हवा देणे पूर्वी रूढच होते. अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या संशोधनात ६ मिलिलिटर दिलेल्या गटातील मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्के, तर १२ मिलिलिटर दिलेल्या गटातील ३९.८ टक्के आढळले, आणि २००० साली ते प्रसिद्ध झाल्यावर पद्धत बदलली. पूर्वीची पद्धत प्रचलित होती. प्रमाणित कधीच नव्हती.

स्थितीच्या शब्दांबद्दल थोडक्यात. ‘चिंताजनक’ हा शब्द पाहणाऱ्याच्या मनाविषयी सांगतो, ‘गंभीर’ कोणत्याही आजाराला लागतो, आणि ‘अत्यवस्थ’ जिवाला तत्काळ धोका असलेल्या अवस्थेला. येथे ‘अत्यवस्थ’ योग्य आहे. फक्त एकदा ठरवल्यावर शेवटपर्यंत तोच ठेवावा, कारण शब्द बदलला की नातेवाईकांना प्रकृती बदलली असे वाटते.

दुसरा प्रतिसाद

मी अतिदक्षता विभागात डॉक्टर आहे. वरील प्रतिसादाशी सहमत आहे आणि दोन शब्दांची भर घालू इच्छितो, कारण त्यांच्यामुळे आम्हाला रोज अडचण येते.

पहिला ‘सलाईन’. आमच्यासाठी ते मिठाचे ठरावीक प्रमाण असलेले एक द्रावण आहे. मराठीत मात्र शिरेतून बाटलीने जे जे जाते ते सगळे सलाईन. त्यामुळे ‘एका गटाला सलाईन आणि दुसऱ्याला अल्ब्युमिन’ (हे रक्तातल्या एका प्रथिनाचे द्रावण, तेही शिरेतूनच देतात) असे लिहिले की दुसऱ्या गटाला बाटलीच लावणार नाहीत असे काहींना वाटते. शिवाय ‘सलाईन लावले की हुशारी येते’ ही समजूत इतकी खोल आहे की, ते न देण्यालाही काही कारण असू शकते हे पटवणे कठीण जाते. केनिया, युगांडा आणि टांझानियातील ३,१४१ अत्यवस्थ मुलांवर झालेल्या ‘फीस्ट’ संशोधनात, जे २०११ साली प्रसिद्ध झाले, शिरेतून झपाट्याने द्रव दिलेल्या मुलांपैकी सुमारे १०.६ टक्के ४८ तासांत दगावली, तर तसे न दिलेल्यांपैकी ७.३ टक्के. ज्यांनी हे संशोधन आखले त्यांनाही हा निष्कर्ष अनपेक्षित होता. म्हणून मी ‘शिरेतून द्यायचे द्रव’ असे लिहून प्रत्येक द्रवाचे नाव वेगळे देतो.

दुसरा शब्द ‘सेप्सिस’. मराठीत जखम ‘सेप्टिक होते’ म्हणजे तिच्यात पू होतो. अतिदक्षता विभागातले सेप्सिस निराळे आहे : २०१६च्या व्याख्येनुसार जंतुसंसर्गाला शरीराने द्यायचा प्रतिसाद बिघडतो आणि त्यामुळे जीव धोक्यात येईल इतके अवयवांचे काम ढासळते. ‘रक्तात पू झाला’ असे सांगण्याची काहींची सवय चुकीची आहे. या शब्दाला मराठी प्रतिशब्द न शोधता ‘सेप्सिस’ ठेवून हेच एका वाक्यात समजावून सांगावे, असे माझे मत आहे.

पुन्हा प्रश्न

दोघांचेही आभार. ‘चाचणी’ काढून टाकली आहे. आता दोन शंका उरतात. ज्याच्यावर संशोधन होणार त्याला मूळ मजकुरात ‘पार्टिसिपंट’ म्हटले आहे. शुद्धीवर नसलेल्या माणसाला ‘सहभागी’ म्हणणे मला खटकते. आणि नातेवाईक जे देतात ती ‘संमती’, ‘परवानगी’ की ‘होकार’?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

तुम्हाला खटकले हे योग्यच आहे. माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वे सांगणाऱ्या हेलसिंकी घोषणापत्राच्या २०२४च्या सुधारणेत ‘सब्जेक्ट’ हा शब्द काढून ‘पार्टिसिपंट’ घेतला, आणि त्यामागचा माणसाला मान देण्याचा हेतू मला पूर्ण मान्य आहे. परंतु मराठीत ‘सहभागी होणे’ हे क्रियापद इच्छेशिवाय उभे राहत नाही. सभेत, दिंडीत, आंदोलनात माणूस स्वतः सहभागी होतो. म्हणून मी असा भेद करतो की, रुग्णाने स्वतः संमती देईपर्यंत त्याला ‘रुग्ण’च म्हणावे आणि त्यानंतर ‘सहभागी’. मूळ मजकुरात असा भेद नसल्यामुळे प्रायोजक हरकत घेतील, पण मी समितीत तो लावून धरला आहे आणि तो मान्यही झाला आहे.

‘परवानगी’ वरच्याने खालच्याला द्यायची असते, आणि नातेवाईक त्या वेळी स्वतःला वरचे मुळीच समजत नसतात. ‘डॉक्टर, तुम्हाला योग्य वाटेल ते करा, सही कुठे करायची तेवढे सांगा’ हेच बहुतेकांचे बोल असतात. ‘होकार’ हा शब्द तोंडी उत्तरापुरता ठेवावा. फीस्टमध्ये लेखी संमतीसाठी थांबणे शक्य नव्हते तेथे आईवडिलांचा आधी तोंडी होकार घेतला आणि लेखी संमती मागाहून घेतली, तेथे हे दोन शब्द अगदी वेगवेगळे उपयोगी पडतात. नातेवाईक जे लिहून देतात ती ‘रुग्णाच्या वतीने दिलेली संमती’. ‘वतीने’ हा शब्द गाळू नये, कारण प्रश्न त्यांना काय हवे आहे हा नसून रुग्णाला शुद्ध असती तर त्याने काय म्हटले असते हा आहे, आणि माहितीपत्रकात तो असाच विचारावा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रुग्ण शुद्धीवर आला की त्याची स्वतःची संमती पुन्हा घ्यावी लागते. यासाठी ‘पुनर्संमती’ असा शब्द तुमच्या मसुद्यात असणार. तो काढून मी पुढील मजकूर वापरतो आणि तो रुग्णाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगतो : ‘तुम्ही बेशुद्ध असताना तुमच्या घरच्यांनी तुमच्या वतीने तुम्हाला एका संशोधनात घ्यायला संमती दिली. तुम्हाला आतापर्यंत काय काय दिले, ते आम्ही सांगतो. यापुढे या संशोधनात राहायचे की नाही, हे तुम्ही ठरवायचे आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काहीही कमी होणार नाही.’