सहा टास्क, बारा केबी आणि आरटीओएसवर फोडलेलं खापर

घड्याळजी

'निवांत लूप' यांच्या कालच्या लेखाचं सार असं: छोट्या चिपवर आरटीओएस (टास्कांना सीपीयूचा वेळ वाटून देणारी छोटी कार्यप्रणाली) ही निव्वळ हौस, नीट लिहिलेला सुपरलूप (सगळी कामं एकामागून एक करणारा न संपणारा लूप) आणि दोन-चार इंटरप्ट (चालू काम अडवून मध्येच चालणारा कोड) यांत सगळं भागतं. पुरावा काय, तर २० केबी रॅमच्या कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसरवर फ्रीआरटीओएस हे आरटीओएस चढवलं, सहा टास्क (स्वतंत्रपणे चालणारी कामं) केले, प्रत्येकाला "५१२ चा स्टॅक" (फंक्शनांच्या कामाची रॅम) दिला आणि १२ केबी रॅम गायब. तिथेच उत्तर द्यायला बसलो होतो, पण ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

आधी तो आकडा. टास्क तयार करताना स्टॅकची खोली बाइटमध्ये नाही, वर्डमध्ये सांगायची असते. ३२ बिटच्या चिपवर एक वर्ड ४ बाइटचा, तेव्हा ५१२ म्हणजे २,०४८ बाइट. सहा टास्क गुणिले २ केबी, झाले १२ केबी. रॅम आरटीओएसने खाल्ली नाही, तुम्ही वाढून दिलीत. नाचता येईना अंगण वाकडं.

कर्नल, म्हणजे आरटीओएसचा गाभा, तरी काय अवाढव्य असतं? टास्क, क्यू (टास्कांमधल्या निरोपांची रांग) आणि लिस्ट अशा तीन सी फायली, चिपप्रमाणे बदलणारी पोर्टची फाइल आणि हीपच्या (मागेल तशी वाटायची रॅम) पाच नमुन्यांतला एक. फ्लॅशमध्ये ६ ते १२ केबी. टास्कमागे टीसीबीचे (कर्नलने ठेवलेली त्या टास्कची नोंद) शंभरएक बाइट, क्यूमागे ऐंशीएक बाइट आणि वर मजकुराची जागा. आयडल टास्कला (बाकी कोणाला काम नसताना चालणारा) स्वतःचा स्टॅक लागतो आणि सॉफ्टवेअर टायमर चालू केले की त्यांचा आणखी एक टास्क येतो. हे दोन हिशेबात धरायला मात्र लोक हमखास विसरतात.

आता मूळ मुद्दा. १२८ × ६४ चा एकरंगी डिस्प्ले ४०० किलोहर्ट्झच्या आयटूसीवर (दोन तारांची बस) आहे. १,०२४ बाइट, प्रत्येकी ९ बिट, म्हणजे पूर्ण चित्र पाठवायला २३ मिलिसेकंद. शेजारी दर ५ मिलिसेकंदांनी चालायला हवा असा मोटरचा कंट्रोल लूप. सुपरलूपमध्ये एकदा डिस्प्लेचं फंक्शन सुरू झालं की कंट्रोलच्या चार-पाच फेऱ्या बुडाल्याच. आरटीओएसमध्ये डिस्प्लेचा टास्क खालच्या प्रायॉरिटीला ठेवा. त्याच्या २३ मिलिसेकंदांत कंट्रोल टास्क हवा तेव्हा मध्ये घुसतो आणि डिस्प्लेच्या कोडची एक ओळही बदलावी लागत नाही. तुमच्या लेखात याला उत्तर नाही.

निवांत लूप

वर्ड-बाइटची चूक मान्य. लेखात दुरुस्तीही टाकली. झालं समाधान?

आता तुमचं उदाहरण. डिस्प्लेची मेमरी १२८ बाइटच्या आठ पानांत असते. दर फेरीत एकच पान पाठवा, २.९ मिलिसेकंद लागतात, कंट्रोल ५ च्या आत बसतो. त्याहून बरं म्हणजे डीएमएला (सीपीयूविना डेटा हलवणारं हार्डवेअर) काम लावा, सीपीयू पूर्ण मोकळा. पंधरा ओळींचं स्टेट मशीन आणि एक काउंटर, एवढ्यासाठी शेड्यूलर (कोणता टास्क कधी चालेल ते ठरवणारा भाग)?

आणि तुमचा शेड्यूलर जिथे हात टेकतो ते तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. या चिपवर फ्लॅशचं एक पान मिटवायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात. एकच बँक असेल तर तेवढा वेळ फ्लॅशमधून सूचना वाचताच येत नाहीत, सीपीयू ताटकळत उभा राहतो. प्रायॉरिटी ० द्या नाहीतर ३१, चालवायला सूचनाच नाहीत. तेव्हा कंट्रोल लूपच्या किती फेऱ्या बुडाल्या ते मोजा आणि मग माझ्या सुपरलूपला नावं ठेवा.

ठिपका

फ्लॅशचा मुद्दा बिनतोड. त्यावर उपाय एकच, कंट्रोलचा इंटरप्ट आणि व्हेक्टर टेबल (इंटरप्टच्या फंक्शनांच्या पत्त्यांची यादी) रॅममध्ये हलवायचं. ते आरटीओएस असो नसो, दोन्हीकडे करावं लागतं.

पण वर्ड-बाइटवरून घड्याळजी एवढे तावातावाने बोलतायत म्हणून सांगतो, हा गोंधळ वापरणाऱ्याचा नाही, एपीआयचा आहे. मूळ फ्रीआरटीओएसमध्ये वर्ड. ईएसपी३२ चिपच्या आवृत्तीत तेच फंक्शन, तोच पॅरामीटर, पण बाइट. सीएमएसआयएस-आरटीओएस२ (एआरएमचं सामाईक एपीआय) च्या आवरणातून गेलात तर तिथेही बाइट. एव्हीआरवर (८ बिटच्या चिप) स्टॅकचा वर्डच एका बाइटाचा, त्यामुळे तिथे १२८ म्हणजे १२८. एकीकडचं उदाहरण दुसरीकडे चिकटवलं की एक तर चौपट रॅम जाते, नाहीतर चौथाई स्टॅक मिळून हार्डफॉल्ट (प्रोसेसर चुकीवर अडकतो). पहिली चूक निदान दिसते तरी. दुसरी डिस्प्लेवर भलतीच अक्षरं दाखवते आणि माणूस दोन दिवस आयटूसीचे पुल-अप बदलत बसतो.

घड्याळजी

मग किती द्यायचा हे तरी नीट बोलू. एम३ वर संदर्भ बदलताना (एका टास्कवरून दुसऱ्यावर जाताना) हार्डवेअर आठ रजिस्टर टास्कच्या स्टॅकवर ठेवतं, ३२ बाइट. पेंडएसव्हीचा (टास्क बदलण्यासाठीचा इंटरप्ट) हँडलर आर४ ते आर११ ही रजिस्टरं ठेवतो, आणखी ३२. संदर्भाचे एकूण ६४, फार तर अलाइनमेंटचे ४ अधिक. इंटरप्टचा बाकी सगळा पसारा मुख्य स्टॅकवर जातो, टास्कच्या नाही. म्हणजे टास्कचा स्टॅक हा तुमच्या फंक्शनांच्या सर्वांत खोल साखळीचा हिशेब असतो, बस.

सहा टास्कांचा सुरुवातीचा अंदाज, वर्डमध्ये: कंट्रोल १२८, सेन्सर १२८, बटणं ९६, डिस्प्ले १९२, सिरियल १९२, लॉग ३२०. बेरीज १,०५६ वर्ड, ४,२२४ बाइट. कुठे १२ केबी आणि कुठे हे.

सोल्डरराव

एम३ आहे म्हणून ६४. एम४एफवर (फ्लोटचं हार्डवेअर असलेला प्रोसेसर) हाच हिशेब लावलात तर तोंडघशी पडाल. टास्कने एकदा जरी फ्लोटला (दशांश संख्या) हात लावला की हार्डवेअरची चौकट ८ वर्डांची २६ होते, १०४ बाइट. त्यावर एस१६ ते एस३१ चे ६४, आणि आर४ ते आर११ व एलआरचे ३६. एकूण २०४. तिप्पट. "आम्ही फ्लोट वापरत नाही" म्हणणाऱ्याच्या लॉगमध्ये %एफ (फ्लोट छापायची खूण) सापडतो, हा नेहमीचा प्रकार.

तेही जाऊ दे. न्यूलिब या सी लायब्ररीचा प्रिंटएफ %एफसाठी स्टॅक तर भरपूर घेतोच, वर मॅलॉकही (हीपमधून रॅम मागणं) करतो. तो मॅलॉक फ्रीआरटीओएसच्या हीपमधून येत नाही. दोन टास्कांनी एकाच वेळी प्रिंटएफ केलं आणि रीएंट्रन्सीची (एकच फंक्शन दोघांनी एकदम वापरण्याची) व्यवस्था नसली की हीपची साखळी तुटते. लॉगला ३२० वर्ड लिहिलेत, त्यात हे धरलंय का? नसेल तर ती १,०५६ ची बेरीज कागदावरच शोभेल.

घड्याळजी

नाही धरलं. छोट्या चिपवर %एफ लिहिणाऱ्याला मी हिशेबातच धरत नाही. मूल्य शंभरपट करून पूर्णांक छापा, मध्ये टिंब द्या.

सोल्डरराव

वा! म्हणजे नियम तुमचे, खेळाडू तुमचे, पंचही तुम्हीच.

निवांत लूप

मला एवढंच दिसतंय की एक टास्क किती रॅम घेतो यावर तुमच्यातच एकमत नाही. ४,२२४ बाइट, त्यावर सहा टीसीबींचे ६००, आयडलचे ५१२. सव्वापाच केबीच्या घरात गेलात. सुपरलूपला १ केबीचा एक स्टॅक लागतो. एक. त्यात भर तुमच्या वेळेच्या गमती. टिक (शेड्यूलरच्या घड्याळाचा ठोका) १०० हर्ट्झवर ठेवून कोणी ५ मिलिसेकंदांचं टिकमध्ये रूपांतर केलं तर पूर्णांकी भागाकाराने उत्तर शून्य येतं. ० टिकचा डिले म्हणजे डिलेच नाही, टास्क फिरतच राहतो आणि खालच्या प्रायॉरिटीचे सगळे उपाशी. टिक १,००० केला तरी साधा डिले वापरला की कामाचा वेळ अधिक डिले असा काळ सरकत जातो. तिथे "अमुक क्षणापर्यंत थांब" हे दुसरं फंक्शन लागतं. सुपरलूपमध्ये मी टायमरचा काउंटर वाचतो आणि वजाबाकी करतो. संपलं.

भिंगरी

वजाबाकी दोघांनाही करावीच लागते, आणि "आता ≥ शेवट" अशी थेट तुलना करणारे सुपरलूपवालेच जास्त. १ किलोहर्ट्झचा ३२ बिट काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो आणि त्या दिवशी ती तुलना फसते.

एक विनंती, आता कोणी प्रायॉरिटी इन्व्हर्शन काढून मंगळावरचं यान आणू नका.

अर्धविराम

आणणारच! १९९७, पाथफाइंडर, त्यावर व्हीएक्सवर्क्स हे आरटीओएस. खालच्या प्रायॉरिटीच्या टास्ककडे म्यूटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप), मधला टास्क त्याला सीपीयू मिळू देईना, वरचा अडकला, यान पुन्हा पुन्हा रीसेट. इनहेरिटन्सचा (वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी कुलूप धरणाऱ्याला तात्पुरती देणं) पर्याय बंद होता, तो चालू केल्यावर थांबलं. आणि आजही लोक सामायिक बसवर बायनरी सेमाफोर (हो-नाहीचा इशारा) लावतात. फ्रीआरटीओएसमध्ये इनहेरिटन्स म्यूटेक्सला आहे, बायनरी सेमाफोरला नाही. इंटरप्टमधून टास्कला उठवायचं असेल तर सेमाफोर किंवा थेट टास्क नोटिफिकेशन, वस्तू राखायची असेल तर म्यूटेक्स. म्यूटेक्स इंटरप्टमधून घ्यायचा नसतो हेही सांगावं लागतं.

भिंगरी

सांगूनही आणलंत. धन्य.

इनहेरिटन्स इलाज आहे, माफी नाही. खालच्या टास्कने म्यूटेक्स धरून २३ मिलिसेकंदांचा डिस्प्ले पाठवला तर वरच्याला तेवढं थांबावंच लागतं. तेव्हा घड्याळजी, सेन्सर त्याच आयटूसी बसवर असेल तर "कोडची एक ओळ बदलावी लागत नाही" हे साफ खोटं. पाने तोडून प्रत्येक पानानंतर म्यूटेक्स सोडावा लागेल. म्हणजे निवांत लूप यांनी पहिल्याच उत्तरात लिहिलं तेच.

घड्याळजी

बस एकच असेल तर हो. बरोबर. उदाहरणात तसं म्हटलं नव्हतं, पण हो.

ठिपका

स्टॅक राहिलाच बाजूला. अंदाज लिहून भागत नाही, तपासायचं कसं ते लिहा. कंपायलरला स्टॅक-युसेजचा पर्याय द्या, प्रत्येक फंक्शन किती बाइट घेतं त्याची फाइल मिळते. सर्वांत खोल साखळी हाताने जोडायची. फंक्शन पॉइंटर आणि रिकर्शन तिथे पकडता येत नाहीत. मग चालत्या चिपवर हाय-वॉटर मार्क (स्टॅकची कधीच न वापरलेली शिल्लक) वाचा. टास्क तयार होताना स्टॅक ०xए५ ने भरलेला असतो, त्यातला किती अस्पर्श राहिला ते कळतं. पण ज्या वाटेने कोड गेलाच नाही तिचा हिशेब त्यात नसतो, म्हणून एरर हँडलिंगच्या फांद्या मुद्दाम चालवून बघायच्या. त्या फांद्यांतच प्रिंटएफ असतात.

ओव्हरफ्लो तपासणीवरही डोळे मिटून विसंबू नका. ती टास्क बदलताना होते. मधल्या वेळात शेजारच्याचा टीसीबी पुसला गेला असेल तर तपासणीपर्यंत पोचतंय कोण! दुसरी पद्धत शेवटच्या काही बाइटांवरचा ए५ चा ठसा बघते. पण फंक्शनने २०० बाइटचा लोकल ॲरे घेतला आणि त्याचा तो भाग लिहिलाच नाही, तर उडी ठशावरून जाते आणि ठसा शाबूत. एमपीयू (मेमरीची राखण करणारं हार्डवेअर) असेल तर स्टॅकखाली ३२ बाइटचा निषिद्ध पट्टा टाका. एम३३ वर त्यासाठी स्टॅक-लिमिट रजिस्टरच आहे.

आणखी एक, जे कुठल्याही बाळबोध धड्यात नसतं. मेनमध्ये लोकल व्हेरिएबल घेऊन त्याचा पत्ता टास्कला द्यायचा नाही. कॉर्टेक्स-एमच्या पोर्टमध्ये शेड्यूलर सुरू होताना मुख्य स्टॅक परत सुरुवातीला नेला जातो आणि पहिल्याच इंटरप्टात ते व्हेरिएबल पुसलं जातं. स्टॅटिक ठेवा.

सोल्डरराव

इंटरप्टवरून आठवलं. कॉर्टेक्स-एममध्ये आकडा लहान तितकी प्रायॉरिटी मोठी, फ्रीआरटीओएसच्या टास्कांत उलट. रीसेटनंतर प्रत्येक इंटरप्ट ० वर, म्हणजे सर्वोच्च. तसाच ठेवून त्यातून क्यूत टाकलं की कर्नलच्या क्रिटिकल सेक्शनमध्ये (मध्ये कोणी यायला नको असा कोड) घुसखोरी होते, कारण तो ठरावीक पातळीच्या खालचेच इंटरप्ट अडवतो. ५ ही मर्यादा असेल तर क्यूला हात लावणारे सगळे ५ ते १५ मध्ये हवेत. असर्ट (कोडमधली स्वतःची तपासणी) चालू असेल तर पहिल्या मिनिटात पकडलं जातं. बंद असेल तर आठवड्यातून एकदा लटकणारं यंत्र तयार.

आणि बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूत टिकलेस (झोपेत टिक बंद ठेवणं) म्हणून फुशारकी मारू नका. सिसटिक, म्हणजे टिक देणारा टायमर, २४ बिटचा, ७२ मेगाहर्ट्झवर ०.२३ सेकंदाच्या वर झोपताच येत नाही. खोल झोपेत तर तो बंदच पडतो. वेगळा लो-पॉवर टायमर जोडून पोर्टचा तो भाग स्वतः लिहावा लागतो. सुपरलूपमध्ये आरटीसीचा (चिपमधलं खऱ्या वेळेचं घड्याळ) अलार्म लावायचा आणि तासभर झोपायचं.

निवांत लूप

माझी बाजू माझ्यापेक्षा सोल्डररावच बरी मांडतायत. आभार. एटीमेगा३२८पीसारख्या २ केबी रॅमच्या चिपवर तरी आरटीओएस नको, एवढं कबूल आहे का कोणाला?

घड्याळजी

तिथे कबूल, नाइलाजाने. एव्हीआरवर इंटरप्ट ज्या टास्कला अडवतो त्याच्याच स्टॅकवर चालतो. संदर्भाचे ३५ बाइट आणि सर्वांत वाईट इंटरप्टचा खर्च प्रत्येक टास्कच्या स्टॅकमध्ये धरावा लागतो. चार टास्कांत रॅम संपते.

पण २० केबीवर नाही. आणि सहा टास्क करा असं मी कधीच म्हटलं नाही, ते तुमचे होते. प्रत्येक पेरिफेरलला एक टास्क देणं हीच मूळ खोड. टास्क डेडलाइनप्रमाणे पाडायचे: ५ मिलिसेकंदांचं कंट्रोल आणि सेन्सर एकात, सिरियलचा दुसरा, डिस्प्ले-बटणं-लॉग ज्यांना घाई नाही ते तिसऱ्यात. तिसरा म्हणजे तुमचा लाडका सुपरलूपच, फक्त सगळ्यांत खाली बसलेला.

निवांत लूप

म्हणजे आरटीओएस कशाला, तर सुपरलूप नीट चालावा म्हणून. ठीक आहे, या एका वाक्यासाठी तीन टास्क सहन करतो. तिसऱ्याला २५६ द्यायचे, वर्ड, पाठ झालंय आता. हाय-वॉटर मार्क ४० आला तर ४० बाइट शिल्लक, म्हणजे काठावर, वाढवायचा. बरोबर?

ठिपका

तो आकडाही वर्डमध्येच येतो. १६० बाइट शिल्लक.