एअरबस आणि बोइंग यांच्या स्पर्धेतून नवे विमान घडते आहे की लांबणीवर पडते आहे?

प्रश्न : उत्तरवारा

प्रवासी विमानांच्या उद्योगाविषयी मी बरीच वर्षे वाचत आलो आहे आणि वाचन वाढत गेले तसा एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. मोठ्या प्रवासी जेट विमानांची जागतिक बाजारपेठ आज जवळजवळ संपूर्णपणे एअरबस आणि बोइंग या दोनच उत्पादकांच्या हाती आहे. पूर्वी तसे नव्हते. लॉकहीडने ट्रायस्टार जातीची २५० विमाने बांधली आणि त्यानंतर प्रवासी विमानांच्या व्यवसायातून अंग काढून घेतले. मॅकडॉनेल डग्लस १९९७ मध्ये बोइंगमध्ये विलीन झाली. दोघेच उरल्यानंतर चुरस तीव्र झाली हे खरे, पण ज्या दोन विमानांवर ही चुरस मुख्यतः चालते, त्यांपैकी बोइंग ७३७ चे पहिले उड्डाण १९६७ मधले आणि एअरबस ए३२० चे १९८७ मधले आहे. दोन्हींना नवी इंजिने बसवली गेली, पंखांची टोके बदलली, आतली उपकरणे बदलली, परंतु मूळ सांगाडा तोच राहिला.

तेव्हा जाणकारांना विचारावेसे वाटते, की ही स्पर्धा अधिक चांगले विमान बांधण्यासाठी आहे, की नवे विमान बांधण्याची वेळ शक्य तितकी पुढे ढकलण्यासाठी? आणि तिसऱ्या उत्पादकामुळे किंवा वेगळ्या इंधनामुळे हे चित्र पालटण्याची शक्यता आपल्याला कितपत वाटते?

उत्तर १ : हँगरमधला

विमानांच्या देखभालीत माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाकडे मी आकड्यांपेक्षा जमिनीपासूनच्या उंचीवरून पाहतो. ७३७ च्या इंजिनाचा तळ तपासायचा तर गुडघे टेकून बसावे लागते. साठच्या दशकात हे विमान मुद्दाम ठेंगणे ठेवले गेले, कारण लहान विमानतळांवर सामान चढवण्याची यंत्रे नसत आणि माणसांना जमिनीवर उभे राहून सामान भरता यावे अशी अपेक्षा होती. त्या काळची इंजिने बारीक आणि लांबट असल्यामुळे ती पंखाखाली सहज मावत. ऐंशीच्या दशकात जाड इंजिने आली, तेव्हा इंजिनाच्या तळाशी असणारी उपकरणे बाजूला सरकवावी लागली. म्हणूनच त्या पिढीच्या ७३७ च्या इंजिनाचे तोंड पूर्ण गोल नसून खालून चपटे दिसते. पन्नास वर्षांपूर्वीचा एक निर्णय पुढच्या प्रत्येक अभियंत्याचे हात कसे बांधून ठेवतो, हे त्या चपट्या कडेवर हात फिरवताना मला दर वेळी जाणवत असे.

आता स्पर्धेकडे येतो. एअरबसने डिसेंबर २०१० मध्ये ए३२० निओची, म्हणजे नवी इंजिने बसवलेल्या ए३२० ची घोषणा केली. त्या वेळी बोइंगमध्ये पूर्णपणे नव्या विमानाचा विचार चालू होता. जुलै २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने एकूण ४६० विमानांची मागणी नोंदवली, त्यांपैकी २६० एअरबसला दिली, आणि ऑगस्टअखेरीस बोइंगनेही नव्या इंजिनांचे ७३७ मॅक्स जाहीर केले. ए३२० मुळातच उंच असल्याने तिच्या पंखाखाली ७८ इंच व्यासाच्या पंख्याचे इंजिन बसले. मॅक्सला ६९ इंचांवर थांबावे लागले, पुढचे चाक सुमारे आठ इंचांनी उंच करावे लागले आणि तरीही इंजिन पंखाच्या पुढे व वर सरकवावे लागले. त्या बदलामुळे विशिष्ट परिस्थितीत विमानाचे नाक वर जाण्याची प्रवृत्ती निर्माण झाली, आणि ती आवरण्यासाठी एमकॅस ही संगणकीय प्रणाली घालण्यात आली. ती एकाच संवेदकाच्या मापावर अवलंबून होती आणि वैमानिकांना तिची पुरेशी माहिती दिलेली नव्हती. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधील दोन अपघातांत मिळून ३४६ माणसे गेली.

या दुर्घटनांचे खापर केवळ स्पर्धेवर फोडणे मला मान्य नाही, कारण एकाच संवेदकावर विसंबण्याचा निर्णय कोणत्याही प्रतिस्पर्ध्याने लादलेला नव्हता. मात्र प्रतिस्पर्ध्याला लगेच उत्तर द्यायचे आणि वैमानिकांना सिम्युलेटरवर नव्याने प्रशिक्षण द्यावे लागू नये, या दोन अटी एकत्र आल्या की जुना सांगाडा ताणण्यावाचून पर्याय उरत नाही, इतके मी खात्रीने सांगू शकतो.

उत्तर २ : ताळेबंद

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त पैशाची बाजू जोडतो. नव्या विमानाचा खर्च अब्जावधी डॉलरच्या घरात जातो, तो वसूल व्हायला दोन दशके लागू शकतात आणि एक अंदाज चुकला तर भरपाईची संधी मिळत नाही. ए३८० हे त्याचे ढळढळीत उदाहरण आहे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते विलक्षण विमान होते, प्रवाशांनाही ते आवडले, पण विमान कंपन्यांना मोठ्या केंद्रांवर प्रवासी गोळा करण्यापेक्षा दोन शहरे थेट जोडणारी लहान विमाने अधिक सोयीची वाटली. २००७ मध्ये सेवेत आलेल्या या विमानाचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय २०१९ मध्ये जाहीर झाला आणि एकूण २५१ विमानांवर ते संपले.

तिसऱ्या उत्पादकाविषयी बोलायचे तर कॅनडाच्या बॉम्बार्डियरचा अनुभव विसरता येत नाही. त्यांनी सी सिरीज नावाचे खरोखर नवे, हलके आणि कमी इंधन पिणारे विमान बांधले. खर्च हाताबाहेर गेला, बोइंगच्या तक्रारीवरून अमेरिकेने त्यावर सुमारे ३०० टक्के आयातशुल्क प्रस्तावित केले, आणि जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्याच व्यापार आयोगाने ते फेटाळले, तोपर्यंत बॉम्बार्डियरने या प्रकल्पातील बहुसंख्य हिस्सा एअरबसला देण्याचा करार केलेला होता. तेच विमान आज ए२२० म्हणून विकले जाते. प्रतिस्पर्ध्याला अडवण्याच्या प्रयत्नातून बोइंगने मुख्य प्रतिस्पर्ध्याच्याच हाती एक उत्तम विमान दिले, असे मला वाटते.

चीनच्या कोमॅकचे सी९१९ मे २०२३ पासून प्रवासी सेवेत आहे आणि त्यामागे सरकारचे बळ असल्याने ते बॉम्बार्डियरसारखे कोसळणार नाही. पण त्याचे इंजिन अमेरिकी आणि फ्रेंच कंपन्यांच्या भागीदारीतले आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने निर्यातीचे परवाने काही आठवडे रोखले, तेव्हा हे अवलंबित्व किती खोल आहे ते उघड झाले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०२४ मध्ये एअरबसने ७६६ विमाने सुपूर्द केली आणि बोइंगने ३४८. इतका फरक असूनही ग्राहक बोइंगला सोडून जाऊ शकत नाहीत, कारण दोघांकडेही अनेक वर्षे पुरेल इतकी मागणी आधीच नोंदलेली आहे आणि एअरबसच्या रांगेत नव्याने उभे राहणाऱ्याला आपल्या पाळीची दीर्घकाळ वाट पाहावी लागते.

उत्तरवारा

दोन्ही उत्तरांसाठी मनापासून आभार. एक शंका मात्र राहते. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० ही विमाने तर स्पर्धेतूनच जन्मली ना? दोन्हींच्या रचनेत वजनाच्या हिशेबाने निम्म्याच्या आसपास संमिश्र पदार्थ (कार्बनचे तंतू आणि राळ यांपासून घडवलेले हलके साहित्य) आहेत आणि दोन इंजिनांवर ती नेहमीच महासागर ओलांडतात. मग लांब पल्ल्याच्या विमानांत जे घडले ते लहान विमानांत का घडू नये?

उत्तर ३ : पंखा आणि पाते

आपली शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर इंधनाच्या हिशेबात सापडते. बारा-चौदा तासांच्या उड्डाणात वाचवलेल्या प्रत्येक किलो वजनाचा लाभ मोठा असतो. दोन तासांच्या उड्डाणात तो तितका मिळत नाही. शिवाय तेथे महिन्याला डझनावारी विमाने बांधायची असतात आणि संमिश्र पदार्थांचे धड त्या वेगाने व त्या किमतीत बांधणे अजून कठीण आहे. म्हणून लहान विमानांत खरी बचत आजवर इंजिनातूनच आली, आणि पुढेही तेथूनच येईल असे माझे मत आहे.

इंधन बदलण्याच्या आशेकडे मी सावधपणे पाहतो. एक किलो केरोसीनमध्ये सुमारे बारा किलोवॉट-तास ऊर्जा असते, तर तेवढ्याच वजनाच्या लिथियम-आयन बॅटरीत साधारण पाव किलोवॉट-तास. विद्युत मोटरची कार्यक्षमता जास्त असते हे धरूनही ही दरी बुजत नाही, आणि केरोसीन जळत जाते तसे विमान हलके होते, तर बॅटरी उतरेपर्यंत तितकीच जड राहते. हायड्रोजन वजनाला हलका असला तरी द्रवरूपात उणे २५३ अंश सेल्सिअसवर ठेवावा लागतो आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी चौपट जागा मागतो. पंखांच्या पोकळीत तो मावणार नाही, धडातच मोठ्या टाक्या बसवाव्या लागतील. एअरबसने २०२० मध्ये त्यासाठी २०३५ चे लक्ष्य ठेवले होते, ते २०२५ मध्ये पुढे ढकलले गेले. उरते शाश्वत विमान इंधन, म्हणजे वापरलेले तेल, टाकाऊ पदार्थ अशा स्रोतांपासून बनवलेले इंधन. ते आजच्याच इंजिनांत ५० टक्क्यांपर्यंत मिसळता येते. युरोपीय संघाने त्याचे प्रमाण २०२५ मध्ये २, २०३० मध्ये ६ आणि २०५० मध्ये ७० टक्के असे बंधनकारक केले आहे, पण उत्पादन तुटपुंजे आणि किंमत केरोसीनच्या कितीतरी वर आहे.

म्हणून माझे लक्ष उघड्या पंख्याच्या इंजिनाकडे आहे. सीएफएम या अमेरिकी-फ्रेंच भागीदारीतल्या इंजिन कंपनीने जून २०२१ मध्ये जाहीर केलेल्या राइज कार्यक्रमात इंजिनाभोवतीचे वेष्टनच काढून टाकले आहे, त्यामुळे पंखा पुष्कळ मोठा करता येतो आणि इंधनाचा खर्च आजच्या इंजिनांपेक्षा २० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट आहे. हा पंखा ७३७ च्या पंखाखाली मावणे शक्य नाही, आणि माझ्या मते ए३२० च्याही नाही. तो वापरायचा असेल, तर दोन्ही उत्पादकांना जुना सांगाडा बाजूला ठेवावाच लागेल. उत्तरवारा यांच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे, की आजची स्पर्धा नवे विमान लांबवते आहे, आणि हा विलंब संपवण्याचे बळ प्रतिस्पर्ध्यापेक्षा इंजिनात अधिक आहे.

हँगरमधला

उघड्या पंख्याविषयीचे विवेचन पटले, पण देखभालीच्या अनुभवातून एक भर घालतो. आजच्या इंजिनाभोवतीचे कडे तुटलेले पाते आत अडवून धरण्याचेही काम करते. ते काढले, की पाते तुटू नये याची खात्री आणि तुटलेच तर प्रवाशांच्या कक्षाचे संरक्षण, या दोन्हींची जबाबदारी पात्याच्या घडणीवर आणि धडाच्या भिंतीवर येते. नव्या इंजिनांच्या घाईचा एक धडा ताजा आहे. ए३२० निओवरील प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांत धातूच्या भुकटीपासून घडवलेल्या, वेगाने फिरणाऱ्या चकत्यांमध्ये दोष असल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले आणि त्यांच्या तपासणीसाठी शेकडो विमाने महिनोन्‌महिने जमिनीवर राहिली. बाहेरून त्या चकतीत काहीही दिसत नाही. ध्वनिलहरींनी तपासायची तर इंजिन पंखावरून उतरवून पूर्ण उलगडावे लागते, आणि ते काम करू शकणाऱ्या कार्यशाळा जगात मोजक्याच आहेत.