हॉटेलच्या पॉइंटची किंमत नेमकी किती धरायची? तालुक्यातून बाहेर जाणाऱ्यांसाठी चर्चा

वर्धाकाठ

आपल्याकडचे कापसाचे जिनिंगवाले राजकोट-कोइम्बतूरला, संत्र्याचे व्यापारी दिल्ली-बंगळूरला, बियाणं-औषधांचे डीलर हैदराबादला वर्षातून चार-सहा वेळा जातातच. मोठ्या साखळीच्या हॉटेलात उतरलं की काउंटरवर मेंबर करून घेतात, खात्यात हजारेक पॉइंट पडतात आणि हजार पॉइंट म्हणजे हजार रुपये असं डोक्यात बसतं. इथूनच घोळ सुरू होतो, म्हणून आधी हिशेब मांडतो.

ज्या रात्रीसाठी पॉइंट वापरणार, त्या रात्रीचं करासकट रोख भाडं घ्या. पॉइंटवर बुक करूनही काही रोख द्यावं लागत असेल तर ते वजा करा. उरलेल्या रुपयांना लागणाऱ्या पॉइंटने भागा. समजा भाडं 9,000, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 10,620. तीच खोली 15,000 पॉइंटला दाखवते. भागाकार 70.8 पैसे. पण रोख दिले असते तर त्या 9,000 वर नवे पॉइंटही मिळाले असते. मॅरियट या हॉटेल साखळीच्या बहुतेक ब्रँडमध्ये साध्या मेंबरला डॉलरमागे 10 पॉइंट आहेत आणि ते कर सोडून मूळ भाड्यावर मिळतात. डॉलर 90 रुपयांचा धरला तर 9,000 चे 100 डॉलर, म्हणजे 1,000 पॉइंट. ते बुडाले. म्हणून खरा भागाकार 10,620 भागिले 16,000, साधारण 66 पैसे.

माझं मत असं की 60 पैशांच्या वर निघालं तर पॉइंट वापरा, खाली आलं तर रोख द्या. आणि असा हिशेब करणाऱ्याला 9,000 च्या मुक्कामावर 660 रुपये, म्हणजे सात टक्क्यांच्या वर परत मिळतात. एवढी रक्कम सोडून का द्यायची?

संत्राबाग

हिशेब बरोबर आहे भाऊ, पण पाया कच्चा आहे. 15,000 पॉइंट जमवाले किती रात्री लागतात ते पण मांडा नं. एका रात्रीले 1,000, म्हणजे 15 रात्री, अन् त्याही 9,000 च्या खोलीत. वरुड-मोर्शीचा व्यापारी वर्षाले सात-आठ रात्री बाहेर राह्यते, तोही दोन-तीन हजाराच्या लॉजात. काहून की सकाळी मंडीत माल लागते तेव्हा माणूस मंडीच्या जवळच पाह्यजे. दिल्लीच्या आझादपूर मंडीत माल अन् माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाले, असं चालत नाही.

अन् घरच्या बाजूले पाहा. नागपूरच्या वर्धा रोडवर रॅडिसन ब्लू आहे, ली मेरिडियन आहे. यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीत काय आहे? तिथं हॉटेल म्हणजे गावच्याच मालकाचं. त्याले फोन करून 'तीन खोल्या घेतो, किती सोडता' म्हटलं की दहा-पंधरा टक्के जागेवर सुटतात. सात टक्के खात्यात अन् पंधरा टक्के हातात, यात कोणतं घ्याव ते लहान पोरगंही सांगन. हातातल्या सुटीले मुदत नसते, पॉइंटले असते.

हिशेबवही

दोघांच्या वादात कराचा मुद्दा राहून गेला आणि आपल्या व्यापाऱ्यासाठी तोच निर्णायक आहे.

22 सप्टेंबर 2025 पासून खोलीमागे दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या भाड्यावर 5 टक्के जीएसटी आहे आणि हॉटेलला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर आपल्या देण्यातून वजा करणं) नाही. 7,500 च्या वर 18 टक्के, क्रेडिटसह. आता वर्धाकाठ यांची 9,000 ची खोली घ्या. हिंगणघाटचा नोंदणीकृत जिनिंगवाला धंद्याच्या कामाने नागपूर-पुणे-मुंबईत उतरला आणि बिलावर त्याचा जीएसटी नंबर असेल तर 1,620 रुपये त्याला क्रेडिट म्हणून मिळतात. त्याचा खरा खर्च 9,000 च. मग भागाकार 9,000 भागिले 16,000, म्हणजे 56 पैसे. वर्धाकाठ यांच्याच नियमाने त्याने पॉइंट वापरू नयेत, रोख द्यावी.

तोच माणूस हैदराबादला गेला तर चित्र उलटं होतं. हॉटेलचा कर हॉटेल ज्या राज्यात आहे तिथला लागतो, केंद्राचा निम्मा आणि तेलंगणाचा निम्मा. महाराष्ट्रातल्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट घेता येत नाही. तिथे 10,620 हाच खर्च, म्हणून 66 पैसे खरे. थोडक्यात, नोंदणीकृत माणसाने महागड्या खोलीला राज्यात रोख द्यावी आणि पॉइंट राज्याबाहेरच्या मुक्कामासाठी ठेवावेत. कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांच्या ठरावीक दराच्या जीएसटी योजनेत) असलेल्याला कुठेच क्रेडिट नाही, त्याला 66 च धरावे लागतील.

7,500 ची रेघही लक्षात ठेवा. 7,400 ची खोली करासकट 7,770 ला पडते, 7,600 ची 8,968 ला. भाड्यात 200 चा फरक, खिशातून 1,198 जादा. जीएसटी नंबर चेक-इनलाच द्या. बिल निघाल्यावर बदलून मागितलं की काउंटरवाले टाळाटाळ करतात.

पूर्णाकाठ

संत्राबाग भाऊ, पंधरा रात्रींची गरजच नाही. एचडीएफसी बँकेचं मॅरियट बॉनवॉय क्रेडिट कार्ड ऑगस्ट 2023 मध्ये आलं. वर्षाची फी 3,000 आणि जीएसटी धरून 3,540. त्या बदल्यात दरवर्षी एका रात्रीचं प्रमाणपत्र, 15,000 पॉइंटपर्यंतच्या खोलीसाठी. म्हणजे वरच्या उदाहरणातली 10,620 ची खोली 3,540 ला. हा सौदा डावलायचा?

अडचणी आहेत, त्या सांगतो. प्रमाणपत्राला वर्षाची मुदत असते. पॉइंटचे दर आता ठरलेले नाहीत, तारखेप्रमाणे हलतात. तुम्हाला हव्या त्या शनिवारी 17,000 दाखवलं तर वरचे 2,000 खात्यातून भरावे लागतात, म्हणून खातं अगदी रिकामं ठेवू नका. आणि रोजच्या खर्चावर पॉइंट जमवायच्या नादी लागू नका. इतर खर्चावर 150 रुपयांमागे 2 पॉइंट आहेत. तीन लाख खर्च केले तर 4,000 पॉइंट, 66 पैशांनी 2,640 रुपये, म्हणजे टक्काही नाही. डिझेलवर, घरभाड्यावर, वॉलेट भरण्यावर तेही मिळत नाहीत. कार्ड घ्यायचं ते त्या एका रात्रीसाठी.

संत्राबाग

इथंच माणूस फसते. 10,620 ची खोली मिळाली म्हणून 10,620 वाचले असं कोण म्हणन? कार्ड नसतं तर तो कुठं उतरला असता? 2,500 च्या लॉजात. मग वाचले 2,500, गेले 3,540. खरी किंमत म्हणजे तुम्ही पदरचे दिले असते तेवढीच. 10,620 भागिले 16,000 हे सूत्र ज्याले 10,620 द्यायचेच होते त्याच्यासाठी आहे. दुसऱ्यानं वरच्या जागी 2,500 टाकावं, मग 15,000 पॉइंटचे 17 पैसे होतात.

अन् कार्डाचं अजून एक सांगतो. आपल्याकडे कापसाचा पैसा दिवाळीनंतर सुरू होते, संत्र्याचा बहाराप्रमाणं. कार्डाचं बिल मात्र दर महिन्याले येते. पूर्ण नाही भरलं, फक्त 'किमान रक्कम' भरली, की महिन्याले साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज. 50,000 थकले तर एका महिन्यात 1,750. दोन महिन्यात फुकटची रात्र व्याजात गेली. ज्याचा पैसा हंगामी आहे त्यानं असल्या कार्डापासून लांब राहाव, हे मी पूर्ण जबाबदारीनं म्हणतो.

वर्धाकाठ

पदरचे दिले असते तेवढीच किंमत, हे मान्य. माझ्या सूत्रात 'करासकट रोख भाडं' म्हटलं तिथे 'एरवी जे भाडं दिलं असतं ते, आणि क्रेडिट मिळत असेल तर कर सोडून' अशी दुरुस्ती करतो. हंगामी पैशाचाही मुद्दा खरा.

पण म्हणून सगळ्यांनी पॉइंट सोडावेत हे पटत नाही. डीलर किंवा जिनिंगवाला सात-आठ हजारांच्या खोलीत उतरतोच, त्याने तीन साखळ्यांत रात्री विभागून टाकल्या तर तिन्हीकडे अर्धवट पॉइंट पडून राहतात आणि मुदत संपून जातात. मॅरियट आणि हिल्टनमध्ये 24 महिने काहीच हालचाल नसेल तर खातं शून्यावर येतं. अ‍ॅकॉरमध्ये 365 दिवसांत, आयएचजीत साध्या मेंबरला 12 महिन्यांत. वर्षाला एक-दोनदाच बाहेर पडणाऱ्याने शेवटच्या दोघांच्या भरवशावर राहू नये.

ज्यांना भागाकार नको त्यांच्यासाठी ठरलेल्या दराच्या योजना आहेत. अ‍ॅकॉरचे 2,000 पॉइंट म्हणजे 40 युरो, कोणत्याही रात्री. बहुतेक ब्रँडमध्ये साध्या मेंबरला 10 युरोमागे 25 पॉइंट, म्हणजे पाच टक्के परत. टाटांच्या हॉटेलांत पॉइंटला नूकॉइन म्हणतात, एकाला एक रुपया. नफा थोडा कमी, पण किंमत समोर दिसते.

बदलत्या दराच्या योजनेचा एक फायदा मात्र मोठा आहे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की नागपुरात खोलीचे भाव चढतात, जामठ्याला क्रिकेटचा सामना असला तरी तेच. पॉइंटचा दरही चढतो, पण नेहमी भाड्याइतका नाही. अशा तारखा कळताच पॉइंटवर बुक करून टाका. रद्द करायची मुदत आधी वाचा. मुदतीत रद्द केलं तर पॉइंट जसेच्या तसे परत येतात.

वैनगंगा

वर्धाकाठदादा, किंमत काढण्याच्या आधी पॉइंट खात्यात पडायला तर हवेत. आपल्याकडे सगळ्यात जास्त तिथेच अडतं आणि कारण बहुतेक वेळा नाव असतं. कित्येकांच्या आधारवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. मेंबर होताना फॉर्मच्या पहिल्या चौकटीत आडनाव जातं आणि शेवटच्या चौकटीत वडिलांचं नाव. बुकिंग करणारा भाचा मात्र नाव-आडनाव अशा क्रमाने टाकतो. दोन नावं जुळत नाहीत, मुक्काम खात्याला जोडला जात नाही. उपाय सोपा आहे: खात्यात पहिलं नाव पहिल्या चौकटीत, आडनाव शेवटच्या, आणि बुकिंगही तंतोतंत तसंच. चेक-इनला मेंबर नंबर स्वतः सांगा आणि रजिस्ट्रेशन कार्डावर तो छापून आला की नाही हे सही करण्याआधी पाहा. निघताना खोलीभाडं वेगळं दाखवणारं बिल घ्या. दहा दिवसांत पॉइंट आले नाहीत तर त्याच बिलाचा फोटो लावून अ‍ॅपवर 'राहून गेलेला मुक्काम' म्हणून मागणी टाकता येते.

मेकमायट्रिपसारख्या ठिकाणी बुक केलं तर साखळीचे पॉइंट साधारणपणे मिळतच नाहीत. म्हणून दोन्हीकडचा भाव पाहा. 9,000 च्या खोलीवर तिथे 700 पेक्षा जास्त सूट असेल तर तिथूनच घ्या, पॉइंट विसरा. बियाणं कंपनी डीलर मेळाव्याला नेते आणि सगळ्या खोल्यांचं एकच बिल भरते, तेव्हाही डीलरच्या खात्यात काही येत नाही. स्वतः पैसे भरून स्वतः त्यातल्याच एका खोलीत राहिलं, तर मॅरियटमध्ये तीन खोल्यांपर्यंतचे पॉइंट एकाच मेंबरला मिळतात. लग्नकार्याला जाणाऱ्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावं.

घरात दोघा-तिघांचे पॉइंट विखुरलेले असतील तर मॅरियटमध्ये एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात वर्षाला 1 लाखापर्यंत पाठवता येतात. एक गोष्ट संत्राबाग यांच्या बाजूने: पेशंट घेऊन धंतोली-रामदासपेठेत आठवडा काढणाऱ्या नातेवाइकांना यातलं काहीही उपयोगाचं नाही. त्यांना दवाखान्याच्या पायथ्याशी दीड-दोन हजाराची स्वच्छ खोली हवी असते. तिथे पॉइंटसाठी लांब उतरलं तर ऑटोच्या भाड्यातच पैसे जातात.

पूर्णाकाठ

एक शंका. मेलवर सारखं येतं की पॉइंट विकत घ्या, 50 टक्के बोनस. घ्यावेत का?

हिशेबवही

मॅरियटचा मूळ दर 1,000 पॉइंटला साडेबारा डॉलर. 90 च्या भावाने 1,125 रुपये. परदेशी चलनातला व्यवहार म्हणून बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के शुल्क आणि त्यावर जीएसटी, म्हणजे 4.13 टक्के. एका पॉइंटला 1 रुपया 17 पैसे. 50 टक्के बोनस धरला तरी 78 पैसे. वापरताना 66 मिळणार असतील तर हा तोट्याचाच व्यवहार, साठा करण्यासाठी कधीच घेऊ नका.

फक्त एकाच वेळी घ्या. हैदराबादची रात्र ठरलेली आहे, एरवी 10,620 द्यायचेच आहेत, 15,000 लागतात आणि खात्यात 13,200 आहेत. 2,000 विकत घेतले तर बोनस नसतानाही शुल्कासकट 2,343 रुपये लागतात आणि 10,620 ची रात्र पॉइंटवर मिळते. पण पैसे भरण्याआधी त्या तारखेला खोली पॉइंटवर मोकळी दिसते का ते पाहा, कारण विकत घेतलेले पॉइंट परत होत नाहीत.