पेक्स पाइपची क्रिंप रिंग नीट बसली का, कसं ओळखायचं?

प्रश्न: न्यू जर्सीत बेसमेंटमध्ये अर्धा इंची पेक्स (पाण्याचा लवचिक प्लास्टिक पाइप) टाकतोय, तांब्याच्या रिंगा क्रिंप केल्यात (टूलने दाबून बसवल्यात), दिसायला ठीक वाटतायत पण भिंत बंद करायची भीती वाटते.

उत्तर १: नुसतं बघून कळत नाही हो, गो-नो-गो गेज (रिंगची जाडी तपासायचं खाचांचं माप) घ्या. गो खाच रिंगवर सहज गेली पाहिजे, नो-गो अजिबात नाही, आणि गेज फिरवून दोन-तीन ठिकाणी लावा. रिंग पाइपच्या टोकापासून ३ ते ६ मिमी आत आणि सरळ हवी, तिरकी असली तर कापूनच टाका.

उत्तर २: गो जात नसेल तर पुन्हा दाबू नका प्लीज! आधी टूल अ‍ॅडजस्ट करा, नवीन रिंग लावा. आणि प्रेशर टेस्ट (पाइपात दाब देऊन गळती बघणं) केल्याशिवाय ड्रायवॉल (भिंतीचे जिप्सम बोर्ड) लावूच नका.