‘सूर्यासारखे तेजस्वी’ की ‘सूर्याची गरजच नाही’? महिन्याच्या मिसेला काय बोलू?

मिठागराकडची (हडफडे)

नमस्कार मंडळी. घरात कोकणी, शाळा मराठी, त्यामुळे लिहायला बसलं की मराठीच येते. धर्माचं विचारतेय, पण भांडण नको.

आमच्या शेजारची मावशी गेल्या महिन्यात वारली, 81 वर्षांची. ती ख्रिस्ती, आम्ही हिंदू. मधे एक गडगा आणि त्यात ये-जा करायला पाडलेली वाट. तिची उमेदीची सगळी वर्षं मिठागरात गेली. ज्यांनी मिठागर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. भरतीचं खारं पाणी मानशीतून (बांधातल्या झडपेच्या दारातून) आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत आटवायचं, आणि शेवटच्या उथळ वाफ्यात मीठ धरलं की लांब दांड्याच्या फळीने ओढून बांधावर ढीग करायचा. पावसाळा संपून वाफे नीट झाले की थेट मेपर्यंत हेच. काम सूर्याचं, हाल माणसाचे. वरून ऊन, खालून पांढऱ्या मिठावरून डोळ्यांत घुसणारं ऊन. आणि मे महिन्यात एक अवकाळी सर आली की सगळं पाणी.

ती गेल्यावर घरी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) असायचा, मीही जाऊन बसायचे. एका संध्याकाळी तिच्या भाच्याने बायबलाचं शेवटचं पुस्तक वाचलं. त्या नगरीला सूर्याची गरज नाही, चंद्राची नाही, रात्र तर नाहीच. लगेच दुसऱ्या कुणीतरी म्हटलं, नीतिमान लोक बापाच्या राज्यात सूर्यासारखे चमकतील. आता देवळात पाहावं (आम्ही इगर्जीला, म्हणजे चर्चला, देऊळच म्हणतो) तर फेस्ताला (सणाला) पाद्री जे सोन्याचं पात्र उचलून धरतात, त्याला चहूकडे सूर्याची किरणं.

मग सूर्य हवा की नको? तिच्या भाच्याने महिन्याच्या मिसेनंतर (मरणाला महिना झाला की चर्चमध्ये होणारी प्रार्थना) घरी चहाच्या वेळी मला ‘दोन उतरां’, म्हणजे दोन शब्द, बोलायला सांगितलंय. मला उन्हावरूनच बोलावंसं वाटतं, कारण मावशी म्हटली की मला ऊन आठवतं. पण अर्थाचा अनर्थ नको.

बार्देशकार

मी बरीच वर्षं आमच्या इगर्जीत मुलांना दोतोर्न (ख्रिस्ती धर्मशिक्षण) शिकवली, म्हणून धाडस करतो. मराठी कोकणी वळणाची आहे, चालवून घ्या.

पहिलं म्हणजे ‘सारखे’ हा शब्द सोडू नका. मत्तय 13:43 मध्ये नीतिमान सूर्यासारखे प्रकाशतील असं आहे, ते सूर्याकडे जातील असं नाही. डोंगरावर येशूचं रूप पालटलं तेव्हा त्याचा चेहरा सूर्यासारखा झाला (मत्तय 17:2). स्तोत्र 84 तर देवालाच सूर्य आणि ढाल म्हणतं. माणसाला माहीत असलेली सगळ्यात झगझगीत वस्तू कोणती? सूर्य. म्हणून उपमेला तोच.

पण उपमा देताना त्याला देव होऊ दिलेलं नाही. उत्पत्तीचा पहिला अध्याय काढा. उजेड पहिल्या दिवशी, आणि सूर्य चौथ्या दिवशी! मुलं मला दरवर्षी विचारायची, सूर्य नव्हता तर उजेड कुठून आला? आता उलट टोकाला जा, तुम्ही ऐकलंत ते शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण 21:23 आणि 22:5. तिथे सूर्य लागत नाही, देवाचं तेज आणि ‘कोकरू हाच तिचा दिवा’. कोकरू म्हणजे ख्रिस्त. बायबलाच्या पहिल्या पानावर सूर्याशिवाय उजेड आहे आणि शेवटच्या पानावरही. मधल्या काळापुरता सूर्य कामावर ठेवलेला.

ते पात्र म्हणजे पोर्तुगीजमध्ये कुस्तोदिया. मधल्या काचेत पवित्र भाकर असते. किरणं त्या भाकरीची, सूर्याची नव्हेत.

आणि तुमच्या मावशीसाठी मी प्रकटीकरणातलीच आणखी एक ओळ काढली असती, 7:16. ‘त्यांना पुन्हा भूक लागणार नाही, तहान लागणार नाही, त्यांना ऊन बाधणार नाही.’ यशया संदेष्ट्याने 49व्या अध्यायात हेच आधी म्हणून ठेवलंय. एसीत बसलेल्या माणसाला ही ओळ कळायची नाही.

फोंड्याचा मास्तर

बार्देशकारांनी छान लिहिलं. आमच्याकडेही हेच आहे हे सांगायचा मोह आवरत नाही. गीता, अध्याय 15, श्लोक 6. ‘न तद्भासयते सूर्यो न शशाङ्को न पावकः’. तिथे सूर्य, चंद्र, अग्नी कुणीच उजेड पाडत नाही. जिथून परतणं नाही ते माझं परमधाम. फरक आहे, तो झाकायचा नाही. गीतेत जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणं आहे. ख्रिस्ती माणूस देहासकट उठण्याची वाट पाहतो, आणि त्याला मिळते ती चांगली भिंतीवेशींची नगरी.

पण बाई, तुम्ही गीता राहू द्या आणि पसायदान घ्या. ‘चंद्रमे जे अलांछन । मार्तंड जे तापहीन । ते सर्वांही सदा सज्जन । सोयरे होतु ॥’ आपण गाताना ताल धरतो आणि अर्थ सोडतो. तापहीन मार्तंड म्हणजे आकाशातला सूर्य नव्हे, सज्जन माणसं! उजेड देतात, पोळत नाहीत. मत्तयाची ती ओळ वाचली आणि मला हेच आठवलं.

एकच टीप. 25 डिसेंबर हा मुळात रोमन सूर्यदेवाचा दिवस, रविवारही सूर्याचाच. तेव्हा थोडी सूर्यपूजा तिकडेही आहेच, नाही का?

पणजीकर

दोन उतरां म्हणजे दोनच हं बाई. चहा निवतो, आणि लोकांचा डोळा समोशांवर असतो.

बाकी सूर्य बघायचा तर 8 डिसेंबरला आमच्या पायऱ्यांच्या इगर्जीच्या फेस्ताला या. निष्कलंक मातेची (मरियेची) चित्रं आणि मूर्ती घडवणाऱ्यांनी प्रकटीकरणाच्या 12व्या अध्यायातली ती बाई डोळ्यांपुढे ठेवली. सूर्य पांघरलेली, पायाखाली चंद्र, डोक्यावर बारा तारे. सूर्य पांघरणारी बाई! मिठागरातल्या बाईला दुसरं काय म्हणणार?

बार्देशकार

मास्तर, टीप अर्धीच खरी. सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 साली रविवारी सुटी जाहीर केली तेव्हा फर्मानात ‘सूर्याचा दिवस’ असंच लिहिलं होतं, हे बरोबर. पण ख्रिस्ती लोक त्या दिवशी त्याच्या कितीतरी आधीपासून जमत होते, कारण पुनरुत्थान त्या दिवशीचं. 25 डिसेंबरबद्दल अभ्यासकांत अजून वाद आहे, तो इथे सुटायचा नाही.

सूर्यपूजेचं म्हणाल तर जुन्या करारात यहेज्केल संदेष्टा मंदिराकडे पाठ करून सूर्याला नमणारे सुमारे 25 पुरुष पाहतो आणि त्याला तो विटाळ वाटतो. पाचव्या शतकात रोममध्ये लोक संत पेत्राच्या चर्चच्या पायऱ्या चढून वर गेले की मागे वळून उगवत्या सूर्यापुढे मान लववायचे, त्यावर पोप लिओ पहिले नाताळच्या प्रवचनात चिडलेले आहेत. म्हणजे माणसांची खोड होती, आणि ती मोडायची धडपडही होती.

पसायदान मात्र नक्की घ्या. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी 1616 साली गोव्यातल्या रायतूरला ख्रिस्तपुराण छापलं ते ओवीतच. ओवी आमच्या कानांना परकी नाही.

आणि जुन्या करारातल्या मलाखी संदेष्ट्याचा चौथा अध्याय राहिला. पहिल्या वचनात तो दिवस भट्टीसारखा जळत येतो आणि गर्विष्ठांचं धसकट करतो. दुसऱ्याच वचनात, देवाचं भय धरणाऱ्यांवर न्यायत्वाचा सूर्य उगवतो आणि त्याच्या पंखांत आरोग्य असतं. दिवस तोच. एकाला पोळतो, एकाला बरं करतो.

मिठागराकडची (हडफडे)

काल मिसा झाली. तुम्ही सगळ्यांनी इतकं दिलंत की निम्मं गाळावं लागलं. सूर्य पांघरलेली बाई मला फार आवडली होती, पण मावशीला स्वतःबद्दल तसलं ऐकून हसू आवरलं नसतं, म्हणून तीही गेली.

मी तिच्या खिडकीबद्दल बोलले. त्यांच्या पुढच्या खोलीला जुनी शिंपल्यांची खिडकी आहे, लाकडी चौकटीत चपटे शिंपले बसवलेली. एका फळीतले शिंपले कधीतरी फुटले, तिथे काच घातलेली. दुपारी त्या काचेतून जमिनीवर उन्हाचा कडक चौकोन पडतो, पाय ठेवला तर चटका. शिंपल्यांतून मात्र नुसता दुधी उजेड. चौकोन नाही, सावलीही धड नाही. मिठागर सुटल्यावर मावशी रोज दुपारी त्या शिंपल्यांच्या बाजूला बसायची. मी गेले की खुर्ची सरकवून म्हणायची, ‘बाये, हांगा बस, हांगा वत लागना.’ (इथे बस, इथे ऊन लागत नाही.)

इथवर सांगून मी ‘त्यांना ऊन बाधणार नाही’ ही ओळ वाचली, मग पसायदानाची ती एक ओवी म्हटली, आणि ‘सोयरे होतु’ला आवाज गेला. बसले. भाचा उठून म्हणाला, मत्तयाच्या पाचव्या अध्यायात मीठही आहे आणि सूर्यही. 13व्या वचनात ‘तुम्ही पृथ्वीचे मीठ’, 45व्यात देव आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो. मावशीला तो अध्याय तोंडपाठ होता म्हणे. इतकी वर्षं गडग्याच्या अलीकडे राहून मला पत्ता नव्हता.

समोसे खरंच आधी संपले.

घर आता दुरुस्त करणार आहेत, पुढच्या खोलीला अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसेल. शिंपल्यांची एक फळी मी मागून घेतली. आमच्या घरात ती बसेल अशी चौकट नाही. सध्या पडवीत टेकून ठेवलीय, पश्चिमेकडे तोंड करून.