शिक्का माझ्या झेरॉक्स सेंटरचा

कोरडवाहू : काल एका सर्टिफिकेटवर खोटा शिक्का मारला. भाची तालुक्याच्या कॉलेजात एमए अर्थशास्त्र करतेय. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्याच वर्षी ४ क्रेडिट्सची (श्रेयांकांची) ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग), म्हणजे १२० तास कुठेतरी प्रत्यक्ष काम. दोन बँकांनी हात वर केले. उरलं माझं झेरॉक्स सेंटर. पोरगी बारा तास बसली असेल, तेही आधार कार्डं उलटी-सुलटी करत. मी १२० लिहिले. आता तिच्या वर्गातली आणखी चार जणं शिक्का मागायला आलीत. जिथे कारखाना नाही, कंपनी नाही, तिथे ही सक्ती कशाला? काढून टाका.

निळी शाई : वा! शिक्का तुम्ही मारायचा आणि दोष धोरणाचा! आमच्या वेळी अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून लोक अर्थशास्त्रात पहिल्या वर्गात यायचे, आयुष्यात एक खतावणी न बघता. तेच परत हवंय? कंपनी नसेल, पण बाजार समिती आहे ना? पतसंस्था, विकास सोसायटी? कांद्याचा लिलाव १२० तास बघितला तर अर्धी किंमत-निश्चिती पुस्तकाशिवाय कळेल. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' राबवलं, ते काय कंपन्या बघून?

तासिकावाले सर : ताई, बाजार समितीत पोरांना न्यायचं कुणी? मी नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) पास, तासिका तत्त्वावर. वर्गात तास घेतला तर पैसे. ओजेटीच्या जागी जाऊन पोरं काय करतात ते बघणं हा 'तास' नाही, त्यामुळे तो फुकट. सुट्टीत तर तासही नाहीत. माझ्याकडे १९ पोरं आहेत. मीही सर्टिफिकेटं बघतो आणि सही करतो. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा, असं कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं. २०२० च्या धोरणातही तोच आकडा. आधी प्राध्यापकांच्या जागा भरा.

निळी शाई : जागा भरायलाच हव्यात, त्यात वाद नाही. पण भरेपर्यंत पोरांनी काय नुसत्या नोट्स उतरवायच्या? सोसायटीच्या सचिवाला एक पत्र लिहायला कायम नोकरी लागत नाही, सर.

तासिकावाले सर : पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं, 'मुली नकोत, जबाबदारी कोण घेणार?'

बीएस्सी अर्धवट : तुमचं एमए तरी होतंय. मी पहिल्या वर्षानंतर सोडलं. नव्या नियमात मध्येच सोडलं तरी एका वर्षाचं सर्टिफिकेट, दोन वर्षांचा डिप्लोमा, आणि मिळालेली क्रेडिट्स 'क्रेडिट बँके'त जमा. फॉर्म भरताना नोकरीवाले विचारतात, 'पदवी?' पूर्वी याला गळती म्हणायचे. पण परत जायचं दार उघडं आहे हे खरं, आणि मी जाणार आहे.

कोरडवाहू : निळी शाई, लिलावाचं पटलं. बाजार समितीत एक ओळखीचे आडते आहेत, त्यांना फोन केला. म्हणाले, 'पाठवा, पण सकाळी आठला.' भाची म्हणते, 'मामा, सर्टिफिकेट तर जमा झालं, आता कशाला?'

चौघांना मात्र शिक्का दिला नाही.