‘ब्रॉडकास्ट’ला दवंडी म्हणावं की वर्दी?

रत्नागिरीतून:
पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतल्या इव्हेंटवर कॉलेजच्या पोरांसाठी मराठीत टिपण लिहितोय. मोजोलिशियस या पर्लच्या वेब फ्रेमवर्कमध्ये एखादं ऑब्जेक्ट ‘एमिट’ करतं, म्हणजे काही घडल्याचं कळवतं, आणि ज्यांनी ‘ऑन’ने आधी नाव लावलंय त्या सगळ्या फंक्शनना ते कळतं, याला आधी ‘प्रसारण’ लिहिलं पण ते वाचलं की आकाशवाणीच आठवते, म्हणून आता ‘दवंडी’ लिहिलंय. चालेल का? सबस्क्रायबरला, म्हणजे असं नाव लावलेल्या फंक्शनला, ‘वर्गणीदार’ पण पटत नाही, वर्गणी म्हटलं की पावतीपुस्तक आलंच.

वेंगुर्ल्यातून:
दवंडी नको हो. दवंडीवाल्याकडे यादी नसते, चव्हाट्यावर ओरडला की त्याचं काम झालं. बंदरावर ३ नंबरचा बावटा लावतात तेही तसंच, ज्याची नजर जाईल तो होडी वर ओढेल. एमिटकडे यादी असते आणि नावं ज्या क्रमाने लागली त्याच क्रमाने ते एकेकाकडे जातं, पहिल्याचं उरकल्याशिवाय दुसऱ्याकडे नाही. शिमग्यात पालखी घरं घेते ना, अगदी तसं, एका घरात वेळ लागला की पुढचे ओटीचं ताट घेऊन दारात ताटकळत.

म्हणून मी ‘वर्दी देणे’ म्हणेन. वाडीत कोणी वारलं की आजी विचारायची, “वरच्या घरात वर्दी गेली?” म्हणजे कोणाला कळवायचं ते ठरलेलं असतं.

हे मला अनुभवाने कळलं. आंब्याच्या कोल्ड रूमसाठी प्रोग्राम लिहिला होता, तापमान चढलं की तिघांना वर्दी, पहिला नोंद लिहिणार, दुसरा एसएमएस करणार, तिसरा दिवा लावणार. एका रात्री डिस्क भरली, नोंदवाला ‘डाय’ झाला, म्हणजे चूक येऊन मध्येच थांबला, आणि एमिट तिथेच तुटलं, एसएमएस गेला नाही की दिवा लागला नाही, सकाळी दार उघडलं तर आंब्याचा वास अंगावर आला. तेव्हापासून प्रत्येक सबस्क्रायबरचं काम ‘इव्हॅल’मध्ये गुंडाळतो, म्हणजे एकाची चूक त्याच्यापुरतीच राहते, आणि एसएमएसवाल्याचं नाव सगळ्यात आधी लावतो. ‘दवंडी’ वाचून पोरांना वाटेल की आवाज सगळ्यांना एकदमच पोचतो, आणि ती हीच चूक करतील.

दापोलीतून:
वर्दीला माझं पण मत. एनीइव्हेंट या पर्लच्या दुसऱ्या मॉड्यूलमध्ये कंडव्हारवरच्या, म्हणजे एखादी गोष्ट होईपर्यंत ज्यावर थांबता येतं त्या ऑब्जेक्टवरच्या, मेथडला आधी ‘ब्रॉडकास्ट’च म्हणायचे, नंतर ते ‘सेंड’ केलं, म्हणजे इंग्रजीतसुद्धा हा शब्द बदलावासा वाटलाच की. सबस्क्रायबरला मी ‘नाव लावलेला’ म्हणतो, लांब आहे पण खरं आहे, आणि मग अनसबस्क्राइबला ‘नाव काढणे’ आपोआप जमतं.

रत्नागिरीतून:
दवंडी खोडली. नाव लावणे, वर्दी देणे, नाव काढणे, असंच लिहितो. ‘वन्स’ला, म्हणजे एक वर्दी मिळाली की नाव आपोआप निघतं त्याला, ‘एका वर्दीपुरतं नाव’ बरं वाटतंय का?

वेंगुर्ल्यातून:
बरं आहे. कोल्ड रूमचा किस्सा पण घाला टिपणात, इव्हॅलसकट.